मातीतले सूक्ष्मजीव आणि ते बनवतात ते पदार्थ : नाशिकच्या शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्ष, कांदा, टोमॅटो, डाळिंब, सोयाबीन, कोबी घेणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. जिवाणूंची बाटली विकत घेणं सोपं आहे. त्यांना खायला कर्ब, प्यायला ओल आणि श्वासाला हवा मिळत नसेल तर ते पैसे पाण्यात जातात. जवळपास प्रत्येक उत्तर फिरून याच मुद्द्यावर येतं.

चमचाभर मातीत असतं तरी काय?

चांगल्या रानातल्या एका ग्रॅम मातीत साधारण १० कोटी ते १०० कोटी जिवाणू असतात. त्यांतच ॲक्टिनोमायसिटीस हे बुरशीसारखे धागे करणारे जिवाणूही आले. शिवाय बुरशीचे धागे, शेवाळ, एकपेशीय प्राणी आणि सूत्रकृमी. यातले फार थोडे प्रयोगशाळेत वाढवता येतात. बाजारात बाटल्यांमधून मिळतात ते त्या थोड्यांतले मोजके.

हे सगळे मातीत सारखे पसरलेले नसतात. बहुतेकांचा मुक्काम पांढऱ्या मुळीभोवतीच्या काही मिलिमीटरच्या पट्ट्यात असतो, कारण मूळ तिथे साखर, अमिनो आम्लं आणि सेंद्रिय आम्लं सोडतं. म्हणून बागेत पांढरी मुळी नसताना सोडलेलं जैविक उत्पादन फारसं काम करत नाही. छाटणीनंतर नवी मुळी फुटायला लागली की द्या.

पहिल्या पावसाला येणारा मातीचा वास कशाचा?

त्यातला मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा. तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस गटातले ॲक्टिनोमायसिटीस बनवतात. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की हे जीव बीजाणू धरून बसतात. जूनचे पहिले थेंब आपटले की जिओस्मिन हवेत उडतं. माणसाचं नाक या वासाला विलक्षण तीक्ष्ण आहे, लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी ओळखतं. धरणाच्या पाण्याला कधी कधी मातकट वास येतो, तोही बहुधा याच पदार्थाचा.

ढेकूळ फोडल्यावर हा वास आला तर ॲक्टिनोमायसिटीस कामावर आहेत आणि मातीत हवा खेळते आहे असं समजायला हरकत नाही. शेणखत कुजलंय की नाही हे ओळखायलाही हाच वास उपयोगी पडतो. कच्च्या खताला अमोनियाचा उग्र दर्प येतो, मुरलेल्याला मातीचा.

बागेत वापरतो ते जीए खरंच बुरशीपासून बनतं?

हो. जिबरेलिक ॲसिड ही फ्युजॅरियम फुजिकुरोई या बुरशीची देणगी आहे. ही बुरशी भाताच्या बियाण्यावर आणि मातीत राहते. तिची लागण झालेली रोपं शेजारच्या रोपांपेक्षा ताडमाड उंच, फिकट आणि हडकुळी होतात आणि पुढे मरतात. जपानमध्ये या रोगाला बकाने म्हणतात. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवलं की बुरशी गाळून टाकली तरी तिच्या द्रावणाने रोपं तशीच वाढतात. म्हणजे बुरशी काहीतरी पदार्थ सोडत होती. १९३५ मध्ये याबुता यांनी त्याला जिबरेलिन नाव दिलं. आजही कारखान्यात मोठ्या टाक्यांत हीच बुरशी वाढवून जीए काढतात. इगतपुरीकडे ज्या बुरशीमुळे भात वाया जाऊ शकतो, तिच्याच पदार्थावर पिंपळगावच्या थॉमसन द्राक्षाचा मणी लांब होतो.

वापरताना चुका तीनच ठिकाणी होतात.

पहिली विरघळवण्यात. साधी जीए पावडर पाण्यात नीट विरघळत नाही. १ ग्रॅम पावडर आधी ३० ते ४० मिली अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये पूर्ण विरघळवा, मगच पाण्यात ओता. थेट टाकीत टाकली तर कण तळाशी बसतात आणि पहिल्या ओळींना कमी, शेवटच्या ओळींना जास्त मात्रा जाते. पाण्यात विरघळणारं तयार उत्पादन असेल तर अर्थातच याची गरज नाही.

दुसरी हिशोबात. १ ग्रॅम शुद्ध जीए १०० लिटर पाण्यात म्हणजे १० पीपीएम. पावडर ९० टक्के शुद्ध असेल तर १.१ ग्रॅम लागेल. ४० पीपीएमच्या डिपिंगसाठी (घड द्रावणात बुडवण्यासाठी) १०० लिटरला ४ ग्रॅम शुद्ध.

तिसरी पाण्यात. विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी आहे आणि अशा पाण्यात जीए लवकर निकामी होतं. आधी सायट्रिक किंवा फॉस्फरिक ॲसिडने सामू ५.५ ते ६.५ वर आणा, मग जीए टाका आणि द्रावण त्याच दिवशी संपवा. मात्रा वाढवून फायदा होत नाही. देठ जाड आणि कडक होतात, आणि पेटीत मणी गळतात.

आणखी कोणती औषधं मातीतल्या जिवांकडून आली?

फुलकिड्यांसाठी वापरतात ते स्पिनोसॅड हे कीटकनाशक सॅकॅरोपॉलिस्पोरा स्पिनोसा या जिवाणूपासून मिळतं. तो १९८२ मध्ये कॅरिबियन बेटांवरच्या एका बंद पडलेल्या रम कारखान्याच्या मातीत सापडला. ॲबामेक्टिन आणि इमामेक्टिन ही कीटकनाशकं स्ट्रेप्टोमायसिस ॲव्हर्मिटिलिसच्या पदार्थांपासून आली. त्याच कुळातल्या आयव्हरमेक्टिन या परजीवी कृमींवरच्या औषधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. व्हॅलिडामायसिन आणि कासुगामायसिन ही पिकांच्या रोगांवरची औषधंही स्ट्रेप्टोमायसिसचीच.

माणसांच्या औषधांत स्ट्रेप्टोमायसिन, क्षयरोगावरचं पहिलं प्रभावी प्रतिजैविक, १९४३ मध्ये वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी मातीतल्या जिवाणूपासून वेगळं केलं. आपल्या जवळचं उदाहरण पिंपरीचं. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं गेलं. ते बनवणाऱ्या जिवाणूला पिंपरीवरूनच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना म्हणतात. पिकांसाठीचं ऑरिओफंगिनही तिथलंच.

यातून एक धोकाही समजून घ्यायला हवा. प्रतिजैविकं सतत फवारली की पानावरचे आणि मातीतले जिवाणू त्यांना सरावतात, आणि ती प्रतिकारशक्ती जिवाणू एकमेकांना देऊ शकतात. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूंचा रोग आटोक्यात येत नाही म्हणून स्ट्रेप्टोमायसिनची फवारणी लागोपाठ करणं म्हणजे दवाखान्यातलं औषध शेतात बोथट करणं.

ॲझोटोबॅक्टर सोडलं तर युरिया किती कमी करू?

सुरुवातीला अजिबात नको. गणित पाहा. ॲझोटोबॅक्टर हा मातीतला जिवाणू हवेतला नत्र धरतो, पण त्यासाठी प्रचंड ऊर्जा जाळतो. १ ग्रॅम साखर खाल्ली तर साधारण १० ते २० मिलिग्रॅम नत्र स्थिर होतो. म्हणजे १ किलो नत्रासाठी ५० ते १०० किलो साखर, किंवा तितक्या ऊर्जेचा सहज खाता येईल असा कर्ब. ०.३ टक्के सेंद्रिय कर्बाच्या मुरमाड रानात तो येणार कुठून? एकरी दोन लिटर कल्चरबरोबर दोन किलो गूळ सोडल्याने वीस ते चाळीस ग्रॅम नत्राची सोय होते, जास्त नाही.

मग उपयोग काय? ॲझोटोबॅक्टर आणि ॲझोस्पिरिलम इंडोल ॲसेटिक ॲसिड, थोडं जिबरेलिन, काही जीवनसत्त्वं बनवतात. त्यामुळे मुळीला फाटे जास्त फुटतात आणि तुम्ही दिलेला नत्र पीक जास्त उचलतं. हाच त्यांचा मोठा फायदा आहे असं आमचं मत. दोन हंगाम शेणखत आणि हिरवळीचं खत भरपूर दिल्यावर, माती परीक्षणाच्या आधारे, एका पट्ट्यात नत्र १० ते १५ टक्के कमी करून पाहा. सगळ्या रानात एकदम नको.

सोयाबीन-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी काम करतात हे कसं ओळखायचं?

पेरणीनंतर ३० ते ४० दिवसांनी पाच-सहा ठिकाणची झाडं खुरपीने मातीसकट काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. पाण्यात मुळं हलक्या हाताने धुवा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-तांबूस रंग दिसला तर नत्र स्थिर होतोय. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. आतून पांढरी असेल तर कोवळी किंवा निकामी, हिरवी-तपकिरी असेल तर संपलेली.

गाठी नसण्याची तीन कारणं नेहमी सापडतात. चुकीचं रायझोबियम, म्हणजे गाठी करणारा जिवाणू (सोयाबीनचं हरभऱ्याला चालत नाही), पेरणीला नत्राचा जड डोस (आयता नत्र मिळाला की झाड गाठी धरत नाही), आणि बुरशीनाशकाबरोबर एकत्र चोळलेलं कल्चर.

बीजप्रक्रियेचा क्रम काय?

आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. पावडर असेल तर १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम. १ लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. त्यातलं लागेल तेवढंच घेऊन पावडरीचा चिकट घोळ करा आणि बियाण्याला हलक्या हाताने लावा, साल निघता कामा नये. द्रवरूप असेल तर १० किलोला १०० मिली पुरे. गोणपाटावर सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी वाफशावर पेरा. दुपारच्या उन्हात वाळत घातलं तर बरेच जिवाणू मरतात.

पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) वापरूनही माती परीक्षणात स्फुरद वाढत का नाही?

कारण पीएसबी स्फुरद आणत नाही, मातीत अडकलेला सोडवतो. हे जिवाणू ग्लुकोनिक, सायट्रिक, ऑक्झॅलिक अशी आम्लं सोडतात आणि कॅल्शियमला बांधलेला स्फुरद मोकळा करतात. निफाड, चांदवडच्या चुनखडीच्या जमिनीत अडचण अशी की मोकळी चुनखडी हेच आम्ल आधी खाऊन टाकते. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असेल तर सगळ्या रानाचा सामू उतरवणं कोणत्याही जिवाणूच्या आवाक्यात नाही. परिणाम दिसतो तो मुळीच्या अगदी लगत. म्हणून अशा जमिनीत पीएसबी फेकून न देता चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून बोदावर (ओळीच्या उंच वरंब्यावर), ड्रीपरच्या खाली द्या. सिंगल सुपर फॉस्फेटही शेणखतात मिसळूनच द्यावं, चुन्याशी त्याचा संपर्क तेवढा कमी येतो.

शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या. जिवाणू मदत करतील का?

ही लोहाची कमतरता, बहुतेक वेळा चुनखडीमुळे. मातीत लोह भरपूर असतं पण न विरघळणाऱ्या रूपात. सुडोमोनास फ्लुओरेसन्स हा जिवाणू असं लोह पकडायला पायोव्हर्डिन नावाचा पदार्थ सोडतो. अतिनील दिव्याखाली तो पिवळट हिरवा चमकतो आणि जिवाणूचं नावही त्यावरूनच पडलं. अशा पदार्थांना सिडेरोफोर म्हणतात. त्याचा जास्त उपयोग रोगाच्या बुरशीची लोहावाचून उपासमार करण्यात होतो. वेलीला पिवळेपणातून बाहेर काढायला तो एकटा पुरत नाही. इडीडीएचए चिलेटचं लोह (विरघळलेलं राहील असं बांधलेलं) जमिनीतून किंवा फेरसची फवारणी लागतेच. आणि आधी पाणी तपासा. अति ओलीत पिवळेपणा वाढतो, चार दिवस पाणी आवरलं तरी फरक दिसतो.

ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला खाणारी उपयुक्त बुरशी) शेणखतात कसा वाढवायचा?

साहित्य : ९० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत, १० किलो निंबोळी पेंड, १ ते २ किलो ट्रायकोडर्मा पावडर, पाणी, गोणपाट, सावलीची जागा.

शेणखत चाळून खडे, प्लास्टिक काढा. पेंड मिसळा. पाणी शिंपडत ओल आणा : मूठ आवळली तर गोळा व्हावा, बोटांतून पाणी निथळू नये. पावडर दोन-तीन थरांत पसरून फावड्याने कालवा. फूट-दीड फूट उंचीचा ढीग करून ओल्या गोणपाटाने झाका. दर तीन-चार दिवसांनी उलथा, ओल कमी वाटली तर शिंपडा. १२ ते १५ दिवसांत वर पांढरी जाळी आणि मग हिरवट छटा येते. काही जातींना तेव्हा ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो. तो सहा-पेंटाइल-पायरोन या पदार्थाचा, आणि तो रोगाच्या बुरशीला अडवतो. याशिवाय ट्रायकोडर्मा कायटिनेज आणि ग्लुकानेज ही विकरं सोडून दुसऱ्या बुरशीच्या पेशीभित्ती विरघळवतो, तिच्या धाग्यांना वेटोळे घालतो.

बिघडतं कुठे? सर्वात जास्त कच्च्या शेणात. ताजं शेण कुजताना ५०-६० अंशांपर्यंत तापतं आणि ट्रायकोडर्माला २५ ते ३० अंश मानवतात. ढिगात हात घालून बघा, चटका बसला तर तो ढीग अजून तयार नाही. कच्च्या शेणातून हुमणीही रानात जाते. दुसरं, प्लास्टिकने गच्च झाकणं. हवा कोंडली की आंबट, सडका वास सुटतो. तिसरं, उन्हात ठेवणं. तयार खत वाफशावर मुळीजवळ टाकून लगेच मातीआड करा.

डाळिंबाची मर ट्रायकोडर्माने बरी होते का?

नाही. सेराटोसिस्टिस फिम्ब्रिएटाने खोडाच्या आतला भाग तपकिरी-राखाडी केला की झाड वाचत नाही. ते मुळांसकट काढून बागेबाहेर जाळा, ओढत नेऊ नका. ट्रायकोडर्मा आणि सुडोमोनासचा उपयोग शेजारच्या, अजून निरोगी झाडांना आणि लागवडीच्या खड्ड्यात आहे. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात ही गोष्ट उशिरा कळल्याने बागा गेल्या आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो.

पाकिटातला माल जिवंत आहे की नुसती भुकटी?

लेबल आधी बघा. खत नियंत्रण आदेशानुसार जिवाणू खताच्या पावडरीत ग्रॅमला किमान ५ कोटी, द्रवरूपात मिलीला किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. ट्रायकोडर्मा कीटकनाशक कायद्याखाली येतो; विरिडी १ टक्का पावडरीत ग्रॅमला २० लाख ही नेहमीची संख्या. उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक नसेल तर घेऊ नका. दुकानात पत्र्याखाली, रासायनिक औषधांच्या खोक्यावर ठेवलेला मालही नको.

ट्रायकोडर्माची घरगुती चाचणी सोपी आहे. मूठभर तांदूळ अर्धवट शिजवा, निथळून पूर्ण गार करा. स्वच्छ पारदर्शक पिशवीत भरून चिमूटभर पावडर टाका, हलवा, तोंड सैल बांधा आणि सावलीत ठेवा. दुसऱ्या पिशवीत पावडर न टाकलेला भात ठेवा. दोन-तीन दिवसांत पांढरे धागे, पाच ते सात दिवसांत हिरवा रंग आला तर माल जिवंत. काळी किंवा गुलाबी बुरशी आली तर भेसळ. साध्या भातावरही तीच आली तर भात नीट शिजला नव्हता किंवा हात स्वच्छ नव्हते, परत करा. पिशवी नाकाशी उघडू नका. बंदच खड्ड्यात पुरा.

मायकोरायझा गुळात वाढवता येतो का?

येत नाही. मायकोरायझा म्हणजे मुळांत राहून पिकाला स्फुरद पुरवणारी बुरशी, आणि ती जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. ड्रममध्ये गूळ-बेसन टाकून जे वाढतं ते दुसरंच काहीतरी असतं. कोबी, फ्लॉवर, मोहरी आणि पालक यांच्या मुळांत तो शिरत नाही, तिथे पैसे घालू नका. कांद्याला मात्र चांगला लागू पडतो, कारण कांद्याची मुळं जाड, कमी फाट्यांची, आणि केसमुळं फारच तोकडी. रोपवाटिकेत बियाण्याच्या लगेच खाली पातळ थर द्या, नाहीतर पुनर्लागणीला मुळं घोळात बुडवा. शेतात स्फुरदाचा जड डोस असेल तर मायकोरायझा मागे पडतो.

एक लिटर जिवाणू कल्चरचं घरी दोनशे लिटर करतात, ते योग्य आहे?

आम्ही सुचवत नाही. ड्रम, पाणी, गूळ यांतले बाहेरचे जिवाणू जास्त वेगाने वाढतात आणि दोन दिवसांनी त्यात मूळचा जिवाणू किती उरला हे कोणालाच सांगता येत नाही.

जीवामृताचं काय? करायचं कसं?

२०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, १ ते २ किलो काळा गूळ, १ ते २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. ड्रम सावलीत ठेवा, तोंडाला गोणपाट, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा. दोन-तीन दिवसांत तयार होतं, आठवड्याच्या आत वापरा. एकरी २०० लिटर. किंचित आंबूस वास ठीक. सडका, घाण वास आला तर ढवळणं कमी पडलं, ते बागेत सोडू नका. ठिबकमधून सोडायचं तर दोनदा कपड्याने गाळा, नाहीतर ड्रीपर बंद पडतील.

यातून मिळणारं अन्नद्रव्य नगण्य आहे. हे विरजण आहे. रानात सेंद्रिय भाग असेल तर विरजणाला दूध मिळतं.

शेणाची कोणतीही स्लरी घडांवर फवारू नका. ई. कोलाय आणि साल्मोनेला हे रोग करणारे जिवाणू पोटात जातात. अमेरिकी सेंद्रिय प्रमाणीकरणात कच्चं शेणखत आणि काढणी यांत ९० दिवसांचं अंतर लागतं. मातीला टेकणारं पीक असेल तर १२० दिवसांचं.

ठिबकमधून सोडताना काय पाळायचं?

ज्या आठवड्यात क्लोरीन किंवा ॲसिडने ठिबक धुतलं त्याच आठवड्यात जैविक सोडू नका. टाकी आणि व्हेंच्युरी (ठिबकमध्ये द्रावण ओढणारं साधन) स्वच्छ धुवा. आधी एकूण वेळेच्या एक तृतीयांश साधं पाणी, मग जैविक, शेवटी १० ते १५ मिनिटं पुन्हा साधं पाणी. संध्याकाळची वेळ बरी. विद्राव्य खतांबरोबर एकाच टाकीत कालवू नका, तीव्र क्षारात पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं.

बोर्डोमुळे (मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणामुळे) मातीतले जीव मरतात का?

१ टक्का बोर्डोसाठी १०० लिटरला १ किलो मोरचूद लागतं, आणि त्यात सुमारे २५० ग्रॅम तांबं असतं. तांबं कुजत नाही, उडून जात नाही; वर्षानुवर्षं वरच्या थरात साठतं. आपल्या अल्कधर्मी, चुनखडीच्या जमिनीत ते बरंचसं बांधलेलं राहतं म्हणून आम्लधर्मी जमिनीएवढा त्रास होत नाही, पण जुन्या बागेत गांडुळं आणि नायट्रीकरण करणारे जिवाणू यांना फटका बसतो. उरलेलं द्रावण बोदावर ओतायची सवय सोडा. जुनी बाग असेल तर माती परीक्षणात तांबं मुद्दाम तपासून घ्या.

जैविक आणि रासायनिक बुरशीनाशक यांत ७ ते १० दिवस ठेवा. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला फार मारक आहे. मेटालॅक्सिल, फोसेटिल ॲल्युमिनियम त्या मानाने सौम्य.

काडीकचरा गाडल्यावर पीक पिवळं का पडतं?

जिवाणूंच्या शरीरात कर्ब-नत्र गुणोत्तर साधारण ८:१ असतं. गव्हाच्या काडाचं ८०:१. एवढा कर्ब खायचा तर नत्र लागतो, तो ते मातीतून उचलतात आणि पीक उपाशी राहतं. काही आठवड्यांनी जिवाणू मरतात तेव्हा नत्र परत मिळतो, पण तोवर कांद्याची वाढ खुंटलेली असते. उसाच्या पाचटाला टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं कल्चर देतात. इतर काडालाही हाच अंदाज चालतो. गाडणं आणि लागवड यांत दीड महिना ठेवा.

द्राक्षाच्या छाटलेल्या काड्या बारीक करून बोदावर पसरणं उत्तम, फक्त करप्याचे डाग असलेल्या काड्या बागेबाहेर काढा. तागाचा विषय वेगळा : एकरी २० ते २५ किलो बी, फुलोऱ्यात आल्यावर, साधारण ४५ ते ५० दिवसांनी गाडायचा. तो कोवळा आणि नत्रयुक्त असल्याने लवकर कुजतो.

पाणी साचल्यावर सडक्या अंड्यासारखा वास का येतो?

काळ्या जमिनीत पाणी थांबलं की दोन-तीन दिवसांत प्राणवायू संपतो. मग काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि तुमचा नत्र वायू होऊन उडून जातो. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड म्हणून. पुढे सल्फेट वापरणारे जागे होतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, वास त्याचा. मुळं तपकिरी होतात. आधी चारी काढून पाणी बाहेर काढा. वाफसा येईपर्यंत ट्रायकोडर्मा ओतू नका, त्याला हवा लागते. वाफशानंतर आळवणी करा आणि नत्राची हलकी फवारणी द्या.

थंडीत जिवाणू सोडावेत का?

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा एका आकड्यावर येतो. तापमान साधारण १० अंशांनी उतरलं की जिवाणूंचा वेग निम्मा होतो. युरियाचं नायट्रेट व्हायलाही जास्त दिवस लागतात. सोडायचंच तर दुपारी, माती उबदार असताना. खरा हंगाम खरड छाटणीनंतरचा आणि पावसाळ्याच्या आगेमागेचा. एप्रिल-मेमध्ये उघडी काळी जमीन वरवर ५० अंशांच्या आसपास तापते. त्यावर पाचटाचं आच्छादन असेल तर खालचा थर वाचतो. याच उन्हाचा उपयोग कांद्याच्या रोपवाटिकेत होतो : वाफा भिजवून २५ मायक्रॉनचा पारदर्शक कागद कडा मातीने दाबून चार ते सहा आठवडे अंथरा. रोगाची बुरशी मरते. चांगले जीवही मरतात, म्हणून कागद काढल्यावर ट्रायकोडर्माचं खत द्यायलाच हवं.

सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायला किती शेणखत लागेल?

एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे ९ लाख किलो. त्याचा ०.१ टक्का म्हणजे ९०० किलो कर्ब. एक टन ओलसर शेणखतात कर्ब धरा १५० किलो, त्यातला दोन तृतीयांश श्वासावाटे उडून जातो, टिकतो साधारण ५० किलो. म्हणजे १८ टन. एका वर्षात हे परवडणारं नाही, म्हणूनच ताग, आच्छादन आणि कमी नांगरट यांची जोड लागते. ०.४ च्या खाली कर्ब असेल तर बाटल्यांचा खर्च आधी शेणखताकडे वळवा.

प्रयोगशाळेशिवाय मातीतलं जीवन तपासता येईल?

शंभर टक्के सुती, पांढऱ्या कापडाचे १५ बाय १५ सेंटिमीटरचे चार तुकडे घ्या. तीन वेगवेगळ्या जागी, वितभर खोलीवर, ड्रीपरजवळ पुरा आणि खुणेला काठी रोवा. चौथा घरात ठेवा. ६० दिवसांनी काढा. कापूस म्हणजे सेल्युलोज. जिवाणू आणि बुरशी सेल्युलेज सोडून त्याची साखर करून खातात. नुसती चिंधी, भोकं आणि लोंबणारे धागे निघाले तर रान जागं आहे. धुऊन परत वापरता येईल असं कापड निघालं तर मातीत खाणारे कमी आहेत किंवा ओलच नव्हती. टेरिकॉटचं कापड घेऊ नका, त्यातला पॉलिस्टरचा भाग कुजत नाही.

दुसरी चाचणी पाच मिनिटांची. सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ पाण्याच्या पेल्यात सोडा. ते टिकून राहिलं तर जिवाणूंच्या डिंकासारख्या शर्करांनी आणि बुरशीच्या धाग्यांनी कण बांधले आहेत. लगेच ढासळलं तर बांधणी नाही. पाणी तासभर दुधाळ राहिलं तर सोडियम जास्त असण्याची शक्यता, जमीन चोपण होते आहे. तिथे जिवाणूंच्या आधी जिप्समचा विचार करावा लागेल, तोही परीक्षणानंतर.

ह्युमिक ॲसिड जिवाणू बनवतात का?

बाटलीतलं नाही. ते बहुतेक लिओनार्डाइट नावाच्या कोळशासारख्या खनिजातून पोटॅशच्या अल्कलीने काढलेलं पोटॅशियम ह्युमेट असतं. मुळीला थोडी चालना देतं, शेणखताची जागा घेत नाही.

शेणखत, माती हाताळताना आपल्याला काही धोका?

मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जिवाणू असतात. खोल, हवा न जाणाऱ्या जखमेत ते वाढतात आणि माहीत असलेल्या सर्वात जहाल विषांपैकी एक बनवतात. छाटणीच्या कात्रीचा घाव, तारेचा खिळा, काट्याची टोच, कोणतीही चालते. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, माती-हळद भरू नका, त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. लसीचा बूस्टर दर १० वर्षांनी लागतो. बागेत रोजंदारीवर येणाऱ्या मजुरांचाही झाला आहे का, हे छाटणी सुरू होण्याआधी विचारून घ्या. ट्रायकोडर्माची पावडर कालवताना नाकाला रुमाल बांधा, दम्याचा त्रास असणाऱ्याने ते काम करू नये.